आवाज बसलाय, बेळगाव लांब: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जांबोटी भागातल्या मराठी शाळेत एकाच खोलीत दोन वर्ग शिकवते. तीन महिने झाले, दुपारनंतर आवाज फाटतो. बेळगावात दुर्बिणीने पाहिल्यावर स्वरतंतूंवर दोन्हीकडे समोरासमोर बारीक गाठी निघाल्या. आवाजाच्या थेरपीला (बोलण्याची पद्धत सुधारणाऱ्या व्यायामांना) दर आठवड्याला जाणं जमणार नाही. ऑपरेशन करून मोकळी होऊ का? (एक शिक्षिका, खानापूर तालुका)

उत्तर : बाई, ऑपरेशनची घाई नको. कुदळ धरून हाताला घट्टे पडतात, तशाच या गाठी. त्यांचा कॅन्सर होत नाही. पण जोर लावून बोलण्याची सवय तशीच राहिली, तर काढलेल्या गाठी परत येतात. म्हणून आधी थेरपी. पहिली भेट मात्र समोरासमोरच घ्या, कारण मान, जबडा, श्वास कुठे आवळतो ते थेरपिस्टने पाहायला हवं. पुढच्या भेटी व्हिडिओ कॉलवर चालतात का, ते त्याच दिवशी विचारून घ्या. दुर्बिणीच्या तपासणीचा व्हिडिओही मोबाइलवर मागून घ्या. कागदावरच्या दोन ओळींपेक्षा दुसऱ्या डॉक्टरला त्याचा उपयोग जास्त.

घरी करायचा व्यायाम एकच, पण नीट करा. अर्धा पेला पाणी, साधा स्ट्रॉ, टोक पाण्यात दोन सेंटिमीटर. ओठ घट्ट मिटून स्ट्रॉमधून ‘ऊ’ असा हलका आवाज काढा, बुडबुडे एकसारखे यायला हवेत. मग तोच आवाज खालून वर, वरून खाली न्या. शेवटी एखाद्या कवितेची चाल गुणगुणा. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा, त्यातली एक वेळ शाळा भरण्याआधी. इथे चुकतं ते असं : नुसतीच फुंकर मारली जाते, आवाज निघतच नाही, किंवा स्ट्रॉ खोल बुडवल्यामुळे घशाला जोर लागतो. मध्येच नाक चिमटीत धरा. आवाज अडखळला, तर हवा नाकातून गळतेय असं समजा.

पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळत असताना चाळीस मुलांच्या वर आवाज चढवण्यात काही अर्थ नाही. त्या वेळात लेखन द्या, नाहीतर कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि डोक्यावरचा माइक वापरा. वर्ग शांत करायला टाळी किंवा घंटी. खाकरण्याऐवजी घोटभर पाणी प्या. खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. कुजबुजून बोलणं म्हणजे विश्रांती, ही समजूत सोडा, त्यातही बऱ्याच जणांचा घसा आवळतो. ज्येष्ठमधाने घशाला बरं वाटेल, गाठ मात्र विरघळणार नाही.

दर रविवारी सकाळी त्याच चार ओळी मोबाइलवर रेकॉर्ड करा. दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर पुन्हा तपासणी. गाठ वाटलेली कधी पुटकुळी (सिस्ट) असते, ती नुसत्या व्यायामाने जात नाही. ती ओळखायला स्ट्रोबोस्कोपी, म्हणजे लुकलुकत्या प्रकाशात स्वरतंतूंची थरथर दाखवणारी दुर्बिणीची तपासणी, लागते. निघण्याआधी फोन करून सोय आहे का ते विचारा.

प्रश्न : सप्ताहात उंच पट्टीत अभंग म्हणताना आवाज एकदम गेला. चार दिवस झाले. (एक भजनी, चंदगड रस्ता)

उत्तर : गाताना अचानक गेलेला आवाज म्हणजे स्वरतंतूत रक्त उतरलेलं असू शकतं. आजपासून मौन, गुणगुणणंसुद्धा नको. अंगदुखीसाठी मनानेच अ‍ॅस्पिरिन घेत असाल तर थांबवा; हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली मात्र त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका. याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. दुर्लक्ष करून गात राहिलात, तर तिथे पॉलिप (मऊ फुगवटा) होऊ शकतो. तो बहुधा एकाच बाजूला असतो आणि अनेकदा काढावाच लागतो. काढल्यावर साधारण आठवडाभर मौन पाळायला सांगतात, तेव्हा पुढच्या सप्ताहाची सुपारी आत्ता घेऊ नका.

प्रश्न : वडील तीस वर्षं बिडी ओढतात. दोन महिने आवाज घोगरा. मेडिकलमधून दोनदा अँटिबायोटिक आणलं. (निपाणी)

उत्तर : तिसऱ्यांदा आणू नका. स्ट्रॉ वगैरेही त्यांच्यासाठी आत्ता नाही. चार आठवड्यांवर टिकलेला घोगरेपणा दुर्बिणीने पाहायलाच हवा, आणि बिडी ओढणाऱ्याने तर तेवढीही वाट पाहायची नसते. बिडीने स्वरतंतूंना साधी सूज येते, तिथेच कॅन्सरही होऊ शकतो, आणि बाहेरून ऐकून दोन्हींतला फरक कळत नाही. बेळगावच्या सरकारी जिल्हा रुग्णालयात (बिम्स) किंवा केएलईच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. निपाणीहून कोल्हापूरचं सरकारी सीपीआर रुग्णालय जवळ पडतं. श्वास घेताना घरघर, गिळताना त्रास, मानेला गाठ किंवा थुंकीतून रक्त, यातलं काही असेल तर उद्याच निघा. श्वासच कोंडत असेल, तर आत्ता.