१७ टक्क्यांची आघाडी कुठे विरली?

प्रश्न : १९८८ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे डुकाकिस जनमत चाचणीत १७ टक्क्यांनी पुढे होते, तरी रिपब्लिकन पक्षाचे थोरले बुश जिंकले. कैदी तुरुंगाच्या फिरत्या दरवाजातून आत जाऊन लगेच बाहेर पडताना दाखवणारी बुश यांची जाहिरात भोवली का?

उत्तर : सगळं खापर तिच्यावर फोडू नका, तारखा पाहा. ती आघाडी जुलैतली, पक्षाच्या अधिवेशनाच्या भरातली. असा फुगा लवकर बसतो. डुकाकिस गव्हर्नर असलेल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात कैद्यांना तुरुंगाबाहेर जायला रजा मिळे, त्यावरून बुश जूनपासूनच झोडपत होते, डुकाकिस यांनी वेळेत उत्तर दिलं नाही (हीच खरी चूक). ऑगस्टमधल्या रिपब्लिकन अधिवेशनानंतर बुश पुढे गेले. जाहिरात आली ऑक्टोबरात!

आकडा वाचताना एक बघा : हजार जणांच्या चाचणीत प्रत्येकाच्या टक्केवारीत ३ इकडेतिकडे होतात, आघाडीत जवळपास ६. त्यामुळे १७ ची आघाडी तेव्हा खरी होती. ४ ची असती तर भरवसा नव्हता.