कॉफीचा तपकिरी रंग : करपलेलं की कामाचं?

प्रश्न : मी रोज दोन कप फिल्टर कॉफी पितो, घरचे म्हणतात ते काळं पाणी म्हणजे जळकं विष आहे, सोडून दे. खरंय का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अहो, विष वगैरे काही नाही! हिरवी बी साधारण २०० डिग्रीच्या आसपास भाजली की तिच्यातली साखर आणि प्रोटीन एकमेकांत गुंततात आणि जे तपकिरी मोठे रेणू तयार होतात त्यांना मेलॅनॉइडिन म्हणतात, १९१२ मध्ये मायार नावाच्या फ्रेंच माणसाने ही रिॲक्शन सांगितली, पावाच्या खरपूस कडेला जो रंग येतो तोही हाच. कपात विरघळलेल्या ऐवजाचा साधारण चौथा हिस्सा हेच असतं. त्यात बीतलं क्लोरोजेनिक ॲसिडही अडकतं, म्हणून ते अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या रेणूंना आवर घालणारं. शिवाय ते पोटात नीट पचत नाही, फायबरसारखं आतड्यापर्यंत जातं आणि तिथले बॅक्टेरिया त्यातलं थोडं खातात. पण हे बरंचसं लॅबमधलं आहे हं, औषध समजून चौथा कप ओतू नका.

भाजताना ॲक्रिलामाइड हे घातक ठरू शकणारं रसायनही बनतं, मात्र ते सुरुवातीला जास्त असतं, डार्क रोस्टमध्ये, म्हणजे जास्त भाजलेल्या बीत, उलट कमी होतं. आणि एक, जेवणावर लगेच कॉफी नको, लोह कमी शोषलं जातं, तासभर थांबा, विशेषतः घरात कुणाचं हिमोग्लोबिन कमी असेल तर. भाजताना उडणारी पातळ सालपटं फेकली जायची, त्यातही फायबर भरपूर, आता ती बिस्किटं-ब्रेडमध्ये घालून बघतायत.