‘मॅडम, पैसेच पुरत नाहीत, मग नीट जेवायचं कसं?’

पुण्यात शिकायला आलेल्या मुलामुलींकडून हा प्रश्न मी समुपदेशक म्हणून दरवर्षी, विशेषतः दिवाळीच्या सुट्टीनंतर, इतक्या वेळा ऐकते की त्याचे उत्तर एकदा लिहून ठेवावे असे वाटले. पुढील हकिकत हिंगोली जिल्ह्यातून बी.एस्सी.साठी आलेल्या एका मुलीची आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती आली ‘वाचलेलं लक्षात राहत नाही’ ही तक्रार घेऊन. जेवणाचा विषय मीच काढला. वडील महिन्याला ७,००० रुपये पाठवत. कॉटचे भाडे भरल्यावर तिने १,८०० रुपयांत एकवेळचा डबा लावला होता आणि रात्रीचे जेवण ‘वाचवले’ होते. पैशांची चणचण खरी होती, हे मी आधीच मान्य केले, कारण गरिबीला निव्वळ मनाचा खेळ म्हणणे हा उद्धटपणा आहे. मी तिला आठवडाभराचा प्रत्येक रुपया लिहून आणायला सांगितला.

पुढच्या भेटीत वही उघडली तेव्हा ती स्वतःच चकित झाली होती. दिवसाला चार चहा, एखादा क्रीमरोल किंवा बिस्किटाचा पुडा, असे ५५ रुपये. महिन्याचे झाले १,६५०. डब्याची दुसरी वेळ १,४०० रुपयांत मिळत होती.

“हा खर्च मी कधी धरलाच नव्हता.”

“का बरं?”

“तो खाण्यासाठी नव्हता ना, मॅडम. झोप येऊ नये म्हणून होता.”

“आणि भुकेसाठी खर्च केला असता तर?”

ती बराच वेळ गप्प राहिली. “अभ्यास घरच्यांसाठी आहे. भूक माझी एकटीची आहे.”

माझ्या मते सगळी गाठ या दोन वाक्यांत होती. माणसाला परिस्थितीपेक्षाही त्या परिस्थितीविषयीच्या समजुतीचा त्रास अधिक होतो, ही मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची मांडणी मी मानते, आणि आहारतक्ता हातात देऊन मोकळे होणाऱ्यांना जे ऐकू येत नाही ते त्यामुळेच मला ऐकू येते, असे म्हणायला हरकत नाही. ‘वडील राबत असताना मी पोटभर जेवणे म्हणजे उधळपट्टी’ हा हिशेब तिने कधी तपासलाच नव्हता. “अर्धपोटी राहून नापास झालीस, तर वडिलांचे किती पैसे वाचतील?” असे मी विचारले, तेव्हा ती हसली आणि मग रडली. दोन्ही वेळचा डबा तिने त्याच आठवड्यात लावला.

बाकीचे तसे सोपे असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५० किलोच्या मुलीला साधारण ४२ ग्रॅम. मेसच्या पातळ वरणातून एवढी मिळणे कठीण असते. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७, एका अंड्यातून ६ आणि ५० ग्रॅम फुटाण्यांतून जवळपास १० ग्रॅम मिळतात, आणि यांतले शेंगदाणे-फुटाणे तर गॅस नसलेल्या खोलीतही महिनाभर टिकतात. मटकी भिजवून ओल्या फडक्यात बांधली की मोड येतात. त्यावर लिंबू पिळल्यास मटकीतले लोह अंगी लागायला मदत होते. चहा मात्र जेवणाला लागून घेऊ नये, कारण तो नेमका उलटा परिणाम करतो. गावी जाताना डब्याचे खाडे, म्हणजे डबा नको असलेले दिवस, आगाऊ सांगावेत, म्हणजे त्यांचे पैसे वाचतात. संकोचापोटी मुले तेही पैसे सोडून देतात. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नसेल, तर स्वाधार योजनेतून भोजनभत्ता मिळू शकतो. त्यासाठी समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी.

एक गोष्ट आग्रहाने सांगते. चक्कर, धाप किंवा सततचा थकवा असेल तर माझ्याकडे येण्याआधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. या मुलीचे ९ निघाले होते, आणि लोहाच्या गोळ्या तिला डॉक्टरांनी दिल्या, मी नव्हे.