आई गावी एकटी असते. तिला स्मार्टफोन द्यावा की साधा बटणांचा फोनच बरा?

स्मार्टफोनच द्या. आणि त्यात तुमच्या नंबराआधी तिच्या मैत्रिणींचे नंबर टाका.

आमची आई गुहागरजवळच्या एका वाडीत राहते. गुडघे गेले, देवळाच्या पायऱ्या चढवेनात, तसं तिचं भजन सुटलं. दादाचं म्हणणं, "आपण रोज फोन करतोच, तिला कशाला स्मार्टफोन?" त्याने पडवीत कॅमेरा बसवला. आई उठली का, अंगणात गेली का, हे त्याला पुण्यात बसून दिसतं. आईला त्यातून कोण दिसतं? याला संपर्क म्हणायला मी आजही तयार नाही.

मी फोन दिला तो भजनी मंडळासाठी. टायपिंग शिकवलंच नाही. व्हॉट्सॲपवर माइक दाबून धरायचा, बोलायचं, बोट उचलायचं. मग एका एकादशीला बायकांनी व्हिडिओ कॉलवर भजन लावलं आणि सगळा विचका झाला. आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे एकत्र म्हणायला गेलं की ताल तुटतो. टाळांचा आवाज तर फोन गोंगाट समजून दाबून टाकतो. तोडगा बायकांनीच काढला. एकीने अभंग म्हणायचा, बाकीच्यांनी आपापला माइक बंद करून घरात टाळ धरायचे. मुंबईला लेकाकडे राहायला गेलेल्या दोघीही आता त्यात असतात. भजन संपलं तरी कॉल संपत नाही. कोणाचा आंबा मोहरला, कोणाची सून बाळंतपणाला गेली, सगळं निघतं. आमच्या "जेवलीस का, गोळी घेतलीस का" मध्ये यातलं काही कधी आलं नव्हतं.

अक्षर मोठं करून द्या. ऐकू कमी येत असेल तर आधी कान तपासून घ्या, नाहीतर कुठलाही फोन फुकट. आमच्याकडे पावसाळ्यात रेंज जाते, त्याला मात्र इलाज नाही.

फसवणुकीची भीती खरी आहे. त्या फोनवर बँकेचं ॲप ठेवू नका. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, हे तिला स्पष्ट सांगा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. पण हे कारण पुढे करून फोनच नाकारू नका. ओटीपी विचारणारे साध्या फोनवरही विचारतातच. तिच्याजवळ बसून शिकवायला वेळ काढा.

आणि कॅमेरा लावायचाच असेल तर आईला विचारून लावा. आमच्या आईला कोणी विचारलं नव्हतं.