साइडलाइनवर पाय पडला तर बाद का?

तुम्ही लिहिलंय, तुमचा मुलगा शाळेत बास्केटबॉलही खेळतो आणि कबड्डीही, आणि रेषेवर पाय पडला की दोन्हीकडचे सर वेगवेगळं सांगतात. दोघांचंही बरोबर आहे.

बास्केटबॉलमध्ये ती ५ सेंटिमीटरची पट्टी मैदानाबाहेर धरतात. चेंडू हातात असताना बूट नुसता टेकला तरी गेला. व्हॉलीबॉलमध्ये उलट, चेंडू पट्टीला चाटून गेला तरी आत. फुटबॉलमध्ये पाय कुठे आहे हे कोणी बघतच नाही. अख्खा चेंडू अख्ख्या रेषेपलीकडे जायला हवा. २०२२च्या विश्वचषकात जपानने स्पेनवर केलेला दुसरा गोल आठवा. टीव्हीवर सगळ्यांना बाहेर वाटलेला चेंडू वरून पाहिला तर रेषेवर जेमतेम होता. ती गोलकडची रेषा, पण नियम तोच.

खरी गंमत कबड्डीत. तिथे दोन्ही बाजूंना दोन-दोन रेषा असतात आणि मधल्या १ मीटरच्या पट्ट्याला लॉबी म्हणतात. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, पण स्पर्श होईपर्यंत खेळायला रुंदी मिळते ८ मीटरच. कोणालाही न शिवता चढाई करणारा लॉबीत गेला, की बाद. शिवाशिवी झाली, झटापट सुरू झाली, की तोच पट्टा मैदानात जमा! म्हणून पंचांची एक नजर हातावर आणि एक पायावर असते. झटापटीत चढाईवाला बाहेरच्या रेषेपलीकडे पडला, पण शरीराचा काही भाग आत टेकलेला असेल, तर तो बाद नाही. प्रेक्षक नेमके इथेच ओरडतात. अनुभवी कोपरारक्षक लॉबीच्या नियमाचा फायदा घेतात. शिवू न देता चढाईवाल्याला कडेकडेला रेटत नेतात, मग पकडायची गरजच उरत नाही.

‘ऑफिसात साइडलाइन केलं’ म्हणजे काय, हेही तुम्ही विचारलंय. माणूस पगारावर असतो, पण मीटिंगला बोलावत नाहीत. नोकरी सांभाळून केलेल्या धंद्यालाही साइडलाइन म्हणतात, आपला जोडधंदा.

मुलाला एवढंच सांगा: मातीच्या मैदानावर दुसऱ्या डावापर्यंत रेषांची फक्की पुसली जाते. कर्णधाराने मध्यंतरात पंचांना सांगून ती पुन्हा मारून घ्यावी. नंतर हुज्जत घालून गुण मिळत नाही.