नागपूरच्या मे महिन्यात दिवसभर नुसतं पाणी प्यायलं तर पुरतं का?

घरी कूलरसमोर बसणाऱ्याला पुरतं, मीठ जेवणातून मिळतंच. उन्हात राबणाऱ्याला नाही. पारा ४५ अंशांवर गेला की घामातून पाण्यासोबत सोडियम आणि क्लोराइडही जातं, थोडं पोटॅशियमसुद्धा. त्यावर लिटरच्या लिटर साधंच पाणी घेत राहिलं तर रक्तातलं सोडियम आणखी घटतं: डोकं दुखतं, मळमळतं, फारच घसरलं तर झटकेही येतात. म्हणून मीठ घातलेलं ताक किंवा कैरीचं पन्हं घ्याच. पन्ह्यातली साखरही कामाची असते, कारण लहान आतडं ग्लुकोजसोबत सोडियम शोषून घेतं आणि त्यामागे पाणी जातं. ओआरएस याच तत्त्वावर चालतं. जुलाब लागले असतील तर मात्र पन्ह्यावर भागवू नका, ओआरएसच द्या. रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल तर मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.