मैदानावरचे प्रश्न : नीसची ती शर्यत कुठे गेली?

प्रश्न : सर, आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या मासिकांचा गठ्ठा आहे. त्यात फ्रान्समधल्या नीस शहराच्या ट्रायथलॉनवर, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायच्या शर्यतीवर, एक लेख सापडला. मार्क ॲलन नावाच्या अमेरिकन खेळाडूनं ती दहा वेळा जिंकली म्हणे. मी विहिरीत पोहतो, सायकलनं कॉलेजला जातो, पोलीस भरतीसाठी रोज धावतो. वाटलं, कधीतरी ही शर्यत करावी. पण ती बंद पडली असं एकानं सांगितलं. एवढी मोठी शर्यत बंद कशी पडते? आणि मी आता काय करू?
— एक वाचक, अंजनगाव सुर्जी

उत्तर : तुला सांगितलं ते खरं आहे. त्या अंतरांची, त्या थाटाची नीस ट्रायथलॉन आता होत नाही. मला तिची फार हळहळ वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ती सुरू झाली 1982 मध्ये. हवाईची आयर्नमॅन शर्यत त्याआधी चार वर्षं, 1978 पासून चालू होती. तिथं 3.8 किमी पोहणं, 180 किमी सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन. नीसची अंतरं सुरुवातीला बदलत राहिली, मग साधारण 4 किमी पोहणं, 120 किमी सायकल आणि 30-32 किमी धावणं अशी बसली. आकड्यांवरून सोपी वाटेल, पण तशी ती नव्हती. पोहणं भूमध्य समुद्रात. तिथल्या किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. पाण्यातून अनवाणी बाहेर यायचं ते त्या गोट्यांवरून. मग सायकल थेट डोंगरात, व्हाँसच्या खिंडीकडे, 960 मीटरच्या आसपास. आपलं चिखलदरा 1100 मीटरच्या वर आहे. परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे तू सायकलनं वर गेला असशील तर चढ म्हणजे काय ते तुला माहीत आहे. पण नीसला खरा कस लागायचा तो उतारावर. मी शाळेच्या पोरांना घेऊन चिखलदऱ्याजवळच्या मोथ्याकडून खाली यायचो तेव्हा ब्रेकची रबरं तापून वास सुटायचा, मनगटं आखडायची, आणि वळणावर पुढचा ब्रेक जोरात दाबणारा पोरगा हमखास घसरायचा. डोंगरातले असे उतार शर्यतीच्या वेगात उतरायचे आणि खाली समुद्रकाठच्या सपाट रस्त्यावर उन्हात तीस किलोमीटर धावायचं. नुसता दमदार माणूस तिथं टिकत नसे, सायकलीवर हातही बसलेला लागायचा.

मार्क ॲलन तिथं दहा वेळा उतरला आणि दहाही वेळा जिंकला. हाच माणूस हवाईत वर्षानुवर्षं हरत होता. तिथं तो पहिल्यांदा जिंकला 1989 ला, तिथला आधीचा विजेता डेव्ह स्कॉट याला एका मिनिटाहून कमी फरकानं मागे टाकून. नीस नसती तर त्या मधल्या वर्षांत तो जगातला अव्वल खेळाडू आहे हे लोकांना दिसलंच नसतं.

आता बंद का पडली? माझ्या मते मूळ पैशात आहे. सुरुवातीला नीसला बक्षिसाची रक्कम होती, हवाईत नव्हती. 1985 ला तर बरेचसे नावाजलेले खेळाडू हवाई सोडून नीसला गेले. पुढच्याच वर्षी एका निनावी दात्यानं हवाईला एक लाख डॉलर दिले आणि नीसचं हे बळ गेलं. पुढं आयर्नमॅनच्या पात्रता शर्यती देशोदेशी होऊ लागल्या. हवाईला जायचं तर बहुतेकांना त्यांतूनच जावं लागे, त्यामुळे हौशी खेळाडूही तिकडेच वळले. नीसला 1994 मध्ये लांब पल्ल्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, नंतरही काही वेळा झाली. पण 2005 पासून तिथं आयर्नमॅन फ्रान्स भरू लागली आणि जुनी अंतरं गेली. 2023 ला आयर्नमॅनची पुरुषांची जागतिक स्पर्धाही नीसला झाली. म्हणजे शहर तेच आहे, समुद्र तोच आहे, डोंगरही तेच आहेत. गेलं ते तिचं स्वतःचं माप. सगळीकडे एकच माप चालावं हे मला पटत नाही. डोंगरातल्या शर्यतीची अंतरं डोंगर बघून ठरावीत.

तुझं म्हणशील तर भरतीची तयारी मुळीच सोडू नकोस. धावणं तुझं होतंच आहे. खरी उणीव पोहण्यात आहे. विहिरीत माणूस गोल गोल पोहतो, त्याला सरळ रेषेत दम टिकवायची सवय नसते. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात पोहण्याचा तलाव आहे, सुट्टीत तिथं जा आणि पाण्यात श्वास सोडायला नीट शीक. धरणात एकट्यानं उतरू नकोस, पोहता येत असलं तरी. गाळात पाय अडकला की पोहणं कामी येत नाही. आधी 750 मीटर पोहणं, 20 किमी सायकल, 5 किमी धावणं अशी छोटी ट्रायथलॉन कर. साधी सायकल चालेल, फक्त ब्रेक आणि टायर चांगले हवेत. हेल्मेट मात्र घेच. गोव्याला 1.9, 90 आणि 21.1 किमीची शर्यत होते, पण तिची फी जड आहे. घाई नको.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे, तिला असल्या लांबच्या शर्यतींचं वेड आहे. बायाही यात उतरतात का? घरचे म्हणतात, हे बायांच्या अंगाला झेपत नाही.
— एक आई, दर्यापूर तालुका

उत्तर : ताई, घरच्यांना पॉला न्यूबी-फ्रेझरबद्दल सांगा. हवाईची शर्यत तिनं आठ वेळा जिंकली. पुरुषांतही तेवढ्या वेळा कुणी जिंकलेलं नाही. वर लिहिलेली नीसची शर्यतही तिनं जिंकली आहे. बायांसाठी वेगळं, कमी अंतर तिथं नसतं. पोहणं, सायकल, धावणं, सगळं पुरुषांइतकंच. मुलीचं हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या, दहावीच्या मुलींत ते बरेचदा कमी निघतं आणि मग धाप लागते. रक्त ठीक असेल तर तिला पळू द्या.